पहारा, पोषण आणि हद्दपारी : मीरकॅटच्या समूहजीवनाचा विचार



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांनी आपले आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात वेचले. आणि कोणत्याही प्राण्याविषयी विधान करण्यापूर्वी तो प्राणी आपण पुरेसा वेळ पाहिला आहे काय, हा प्रश्न ते विद्यार्थ्यांना आणि स्वतःलाही विचारीत असत, असे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्या तोंडून मी ऐकत आलो आहे. त्यांच्या स्मृतीला साजेल असा विषय शोधू लागलो, तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कालाहारीच्या रेताड मुलखात राहणारा, मुंगसाच्या कुळातला, वजनाने जेमतेम पाऊण किलो भरणारा एक प्राणी मनात आला. ज्या थोड्या वन्य प्राण्यांची नोंद, एकेकाची ओळख ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे त्यांत मीरकॅटची गणना होते; आणि प्राण्यांतील परस्पर साहाय्याविषयी आपण जी मते फारसा विचार न करता बाळगतो, त्यांपैकी पुष्कळ मते या नोंदींपुढे टिकत नाहीत.

या विषयावरचा वाद जुना आहे. टी. एच. हक्स्ली यांनी १८८८ साली जीवनकलहाविषयी लिहिताना प्राणिसृष्टीचे चित्र आखाड्यातील प्राणांतिक झुंजीसारखे रंगवले. तरुणपणी सैबेरियाच्या थंड प्रदेशात भटकंती करून जनावरांचे कळप डोळ्यांखालून घातलेल्या पीटर क्रोपॉटकिन यांना ते चित्र एकांगी वाटले, आणि त्याला उत्तर म्हणून लिहिलेले त्यांचे लेख पुढे १९०२ साली परस्पर साहाय्यावरील ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. दोघेही विद्वान होते, दोघांनाही सत्याची चाड होती, आणि दोघांपाशीही उदाहरणांची वाण नव्हती. उणीव होती ती वेगळीच. साहाय्य करणाऱ्या प्राण्याला त्या साहाय्याची किंमत किती पडते, त्याचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, आणि साहाय्य नाकारणाऱ्याचे पुढे काय होते, याचा जमाखर्च त्या काळी कोणाच्याच दप्तरी नव्हता. दृष्टांत कितीही गोळा केले तरी त्यांतून हिशेब निघत नाही; हिशेबाला रोजची नोंद लागते. मीरकॅटच्या बाबतीत ती नोंद झाली, आणि आजचे माझे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात, व्हॅन झिल्सरस या लहानशा वस्तीजवळ, कुरुमान नदीचे बहुतेक काळ कोरडे राहणारे पात्र आहे. तांबूस वाळूच्या टेकड्या, विरळ गवत, काटेरी बाभळीच्या जातीची झाडे, उन्हाळ्यात भाजून काढणारी दुपार आणि हिवाळ्यात गोठणबिंदूखाली उतरणारी रात्र, असा हा प्रदेश आहे. केंब्रिज विद्यापीठाचे टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ साली येथे मीरकॅटच्या अभ्यासाचे ठाणे घातले, आणि ते आजतागायत चालू आहे. त्यांची पद्धत साधी असली तरी तिच्यामागे विलक्षण चिकाटी आहे. माणसांच्या सहवासाला हे प्राणी इतके सरावले आहेत की निरीक्षक चार पावलांवर उभा असला तरी त्यांच्या कामात खंड पडत नाही. प्रत्येकाच्या अंगावर केसांना लावायच्या रंगाची निरनिराळी खूण केलेली असते. आणि उकडलेल्या अंड्याच्या कणांचे आमिष दाखवले की ते आपण होऊन तराजूवर चढतात. सकाळी बिळातून निघताना, सकाळची चराई आटोपल्यावर आणि संध्याकाळी परतताना घेतलेल्या या वजनांतून एक असे साधन हाती आले, जे पूर्वीच्या कोणत्याही निसर्गनिरीक्षकापाशी नव्हते : आज या प्राण्याने कोणासाठी किती झीज सोसली, ते ग्रॅममध्ये सांगता येऊ लागले.

मीरकॅटची टोळी दोन-चारांपासून पन्नासापर्यंत कितीही असू शकते, आणि तिच्या हद्दीत अनेक बिळे असतात. सूर्य वर आला की एकेक जण बिळाबाहेर येतो, मागल्या पायांवर ताठ उभा राहतो, आणि पोटावरच्या विरळ केसांखालची काळसर कातडी उन्हाकडे करून अंग तापवून घेतो. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे वाळूवरून येणाऱ्या झळाळीची तीव्रता कमी करतात. उकरताना कानांत वाळू जाऊ नये म्हणून ते कान मिटून घेऊ शकतात. थोड्याच वेळात टोळी चरायला निघते. चरणे म्हणजे पुढल्या पायांच्या लांब नखांनी वाळू उकरून किडे, अळ्या, विंचू, लहान सरडे काढून खाणे होय. आणि हे काम करताना डोके खाली, कित्येकदा खांद्यापर्यंत खड्ड्यात, गेलेले असते. मीरकॅटच्या जीवनातील सगळ्या सहकाराचे मूळ मला या एका स्थितीत दिसते. ज्याचे अन्न जमिनीखाली आणि शत्रू आभाळात, त्याला एकाच वेळी दोन्हीकडे पाहता येत नाही. कोणीतरी त्याच्या वतीने वर पाहावे लागते.

चरताना टोळी विखुरते, पण तुटत नाही. एका जागेवरून दुसरीकडे कधी निघायचे, याचा निर्णय कसा होतो, हे २०११ साली बूस्के, सम्प्टर आणि मान्सर यांनी प्रसिद्ध केले. निघण्याची इच्छा झालेला मीरकॅट एक विशिष्ट आवाज काढतो. तो एकट्यानेच काढला तर कोणी हलत नाही. दोघांनी, आणि बहुधा तिघांनी काढला म्हणजे सारी टोळी पुढे सरकते. आपल्या संस्थांच्या सभेत गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव होत नाही, तसाच हा प्रकार आहे. आणि विशेष असे की, तो आवाज प्रमुखाचा आहे की एखाद्या दुय्यम सभासदाचा, याने फारसा फरक पडत नसल्याचे त्यांना आढळले. ज्या टोळीत प्रजोत्पादनाच्या बाबतीत एकाच मादीचा कडक अंमल चालतो, त्याच टोळीत कूच करण्याचा निर्णय मात्र असा सामुदायिक असावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता पहाऱ्याकडे वळतो. टोळी चरत असता त्यांतला एक जण झुडपावर, वाळक्या खोडावर किंवा वारुळावर चढतो आणि चहूंकडे पाहत राहतो. तो केवळ संकटाच्या वेळी ओरडतो असे नाही. सर्व क्षेम असतानाही तो मधूनमधून मंद स्वर काढीत असतो, आणि हा स्वर कानी असेपर्यंत खाली उकरणारे निश्चिंत असतात. मार्टा मान्सर यांनी या स्वरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आकाशातून येणाऱ्या गरुडासाठी एक हाक, जमिनीवरून येणाऱ्या कोल्ह्यासाठी दुसरी, आणि सर्प दिसला की सर्वांना जमवणारी तिसरी, असा भेद तर त्यांत आहेच. शिवाय संकट किती निकट आहे, हेही त्याच हाकेच्या ध्वनीतून कळते. गरुडाची निकडीची हाक ऐकताच सारे जण बिळाकडे धावतात. सापाची हाक ऐकली तर शेपट्या उभारून त्याच्याभोवती गोळा होतात.

हा पहारेकरी पाहून कोणाच्याही मनात स्वार्थत्यागाची भावना जागी होते. आपण उपाशी राहून, स्वतःला शत्रूच्या नजरेत आणून, इतरांचे रक्षण करणारा हा वीर आहे असे पूर्वीच्या लेखकांनी मानले, आणि त्यात नवल काही नव्हते. क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जो निष्कर्ष मांडला तो मात्र या समजुतीला छेद देणारा होता. पहाऱ्यावर जाणारा बहुधा तोच असतो, ज्याचे पोट भरलेले आहे. एखाद्याला उकडलेले अंडे खाऊ घातले की तो अधिक वेळा आणि अधिक काळ पहारा करतो. पहारेकरी बिळाच्या जवळपास असतो, शत्रू त्यालाच प्रथम दिसतो, आणि दोन हजारांहून अधिक तासांच्या निरीक्षणात एकही पहारेकरी शिकार झालेला आढळला नाही. टोळीपासून दुरावून एकटा राहिलेला मीरकॅटही मधूनमधून उंचावर चढून पहारा करतोच. यावरून असे दिसते की, पोट भरल्यावर करण्याजोगे सर्वांत शहाणपणाचे काम म्हणजे उंचावर जाऊन पाहणे. ते करणाऱ्याच्या हिताचे आहे, आणि त्याच्या स्वरामुळे ते सर्वांच्याही हिताचे होते. पाळ्यांचे वेळापत्रक नाही, हुकूम करणारा नाही, चुकारपणाला शिक्षा नाही. तरीही पहारा बहुधा चालू राहतो, कारण ज्याला तो सर्वांत कमी महाग पडतो तोच तो पत्करतो.

या पहाऱ्याच्या व्यवस्थेवर एक तिऱ्हाईतही जगतो. आपल्याकडच्या कोतवाल पक्ष्याचा आफ्रिकी भाऊबंद त्याच मुलखात राहतो आणि मीरकॅटच्या टोळीमागून फिरतो. पुष्कळदा तो खरा इशारा देतो. ससाणा आला की ओरडतो, आणि मीरकॅट त्याच्या ओरडण्यावर विश्वास ठेवून पळतात. पण एखाद्याने मोठा किडा उकरून काढला की हाच पक्षी खोटी हाक देतो, तो प्राणी भक्ष्य टाकून पळतो, आणि कोतवाल ते उचलतो. टॉम फ्लॉवर यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात असे दिसून आले की, एकच खोटी हाक वारंवार दिल्याने तिचा प्रभाव ओसरू लागला, तर हा पक्षी हाक बदलतो आणि दुसऱ्या प्राण्यांच्या भीतीच्या हाकांची नक्कल करतो. तरीही मीरकॅट त्याच्या हाकेकडे पूर्ण दुर्लक्ष करीत नाहीत. खरा इशारा एकदा न ऐकण्याची किंमत प्राण देऊन चुकवावी लागते, आणि खोटा इशारा ऐकण्याची किंमत एका किड्यापुरतीच असते. विश्वासावर चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला काही फसवणूक सोसावीच लागते, हे इथे आकड्यांनिशी पाहायला मिळते.

पहारा स्वस्त असला तरी टोळीतले प्रत्येक काम स्वस्त नाही. पिल्ले जन्मल्यानंतर सुमारे तीन आठवडे बिळातच राहतात, आणि टोळी चरायला गेली असता कोणीतरी एक-दोघे त्यांच्यापाशी थांबतात. हा राखणदार दिवसभर अन्नाला तोंड लावीत नाही. त्या चोवीस तासांत त्याचे वजन शेकडा १.३ ने घटते, तर चरायला गेलेल्यांचे शेकडा १.९ ने वाढते, असे तराजूने सांगितले. आणि पिल्लांच्या एका वेतात सर्वाधिक राखण करणाऱ्याने आपल्या वजनाचा नववा हिस्सा गमावल्याचेही नोंदले गेले. ज्यांची राखण करायची ती पिल्ले बहुधा त्याची नसतात. येथे पहाऱ्याचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. ही झीज खरी आहे, मोजलेली आहे, आणि ती कोणी सोसली नाही तर पिल्ले शेजारच्या टोळीच्या किंवा सर्पाच्या तोंडी जातात.

पिल्ले महिन्याची झाली की टोळीबरोबर निघतात. पण त्यांना अजून उकरता येत नाही, म्हणून ती एखाद्या मोठ्या मीरकॅटच्या मागे लागून अखंड किरकिरत राहतात, आणि तो मोठा आपल्याला सापडलेल्या भक्ष्याचा मोठा भाग त्यांच्या तोंडात घालतो. तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांचे पोट असे दुसऱ्याच्या कष्टावर चालते. या भरवण्यातूनच पुढे शिकवणे निघते.

कालाहारीतील विंचू जहाल विषारी असतात, आणि तरीही मीरकॅटच्या आहारात त्यांना स्थान आहे. ॲलेक्स थॉर्न्टन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी २००६ साली दाखवून दिले की, अगदी लहान पिल्लाला मोठे मीरकॅट विंचू मारून देतात. पिल्लू जरा वाढले की नांगी तोडलेला जिवंत विंचू देतात. आणि आणखी वाढले की धडधाकट, नांगीसकट विंचू त्याच्यापुढे टाकतात. विंचू टाकून देणारा निघून जात नाही. पिल्लू त्यावर झडप घालते, विंचू आकड्यांनी त्याचे नाक धरतो, पिल्लू मागे सरते, विंचू वाळूत पळू लागतो. तेव्हा तो मोठा पुढे होऊन विंचवाला नाकाने ढकलत पुन्हा पिल्लापुढे आणून ठेवतो, आणि पिल्लाला ते आवरेनासे झाले तर स्वतः त्याचा आणखी एक चावा घेऊन त्याला दुबळा करून देतो. या सगळ्या खटाटोपात जेवढा वेळ जातो तेवढ्यात त्याला स्वतःसाठी आणखी काही उकरता आले असते.

प्राण्यांतील अध्यापनाची शास्त्रीय व्याख्या कॅरो आणि हाउझर यांनी १९९२ साली केली होती. शिकवणाऱ्याने अजाण प्राण्याच्या उपस्थितीत आपले वर्तन बदलले पाहिजे, त्यात त्याला तात्काळ लाभ नसावा, आणि शिकणाऱ्याला ते ज्ञान किंवा कौशल्य एरवीपेक्षा लवकर आले पाहिजे, अशा तिच्या अटी आहेत. थॉर्न्टन आणि मॅकऑलिफ यांनी तिसरी अट प्रयोगाने तपासली : काही पिल्लांना तीन दिवस नांगी काढलेले जिवंत विंचू दिले, काहींना मेलेले, आणि काहींना उकडलेले अंडे, नंतर सर्वांपुढे जिवंत विंचू टाकला तेव्हा जिवंत विंचवांचा सराव झालेली पिल्ले सरस ठरली. परंतु या अध्यापनाची मर्यादाही त्यांनीच दाखवली. लहान पिल्ले असलेल्या टोळीला वाढलेल्या पिल्लांच्या किरकिरीचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा मोठे मीरकॅट जिवंत भक्ष्य अधिक आणू लागले. म्हणजे शिष्याची तयारी ओळखून गुरू पाठ बदलत होता असे नाही. आवाजाच्या वयावरून तो ठरीव रीतीने वागत होता. दुसऱ्याच्या मनात डोकावल्याशिवायही उत्तम अध्यापन होऊ शकते, हा याचा अर्थ आहे, आणि त्याने त्या अध्यापनाचे मोल कमी होत नाही.

श्रोतेहो, इथवरचे वर्णन ऐकून आपल्या मनात या टोळीविषयी स्नेह उपजला असेल. तो ओसरू न देता पुढचे ऐकावे, एवढीच विनंती आहे. कारण ज्या पिल्लांसाठी हे सारे राखणे, भरवणे आणि शिकवणे चालते, ती पिल्ले कोणाची, या प्रश्नाशी आपण आता आलो आहोत. टोळीतील शंभर पिल्लांपैकी ऐंशीहून अधिक एकाच मादीची असतात. ही प्रमुख मादी वर्षातून तीन-चार वेळा विऊ शकते, आणि बाकीच्या माद्यांनी विऊ नये यासाठी तिचे शासन कठोर असते. तिचे गर्भारपण उत्तरार्धात आले की ती वयात आलेल्या दुय्यम माद्यांना, विशेषतः गाभण असलेल्यांना, चावून, ढुशा देऊन हद्दपार करते. हद्दपार झालेल्या मादीच्या शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात, तिची गर्भधारणेची शक्यता घटते, आणि गाभण असेल तर पुष्कळदा गर्भपात होतो, हे ॲन्ड्र्यू यंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले. प्रमुख मादीची वीण आटोपली की यांतल्या कित्येकींना परत येऊ दिले जाते. आणि जिला नुकतेच हद्दपार केले होते, किंवा जिची पिल्ले नुकतीच गेली आहेत, तीच प्रमुख मादीच्या पिल्लांना अंगावर पाजण्याची शक्यता अधिक असते, असे पुढील अभ्यासात आढळले. टोळीत राहू दिल्याबद्दल भरलेला हा सारा आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

याहून दारुण गोष्टही सांगितली पाहिजे. दुय्यम मादीने पिल्ले घातली, तर प्रमुख मादी ती पुष्कळदा मारून टाकते. आणि दुय्यम मादी स्वतः गाभण असेल, तर प्रमुख मादीची पिल्ले तिच्याही हातून मारली जातात. बलवान दुर्बळाला पीडतो, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. जिला संधी मिळेल ती मारते. प्रमुखपद मिळवण्याची ईर्षा तर वजनातही उतरते. एलिझ ह्युशार आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जोडीजोडीने वाढणाऱ्या दुय्यम मीरकॅटांपैकी वजनाने कमी असलेल्याला रोज अंडे चारून पाहिले. तो भराभर वाढू लागताच जोडीतल्या दुसऱ्यानेही आपला आहार आणि वाढीचा वेग वाढवला. प्रतिस्पर्ध्याचे वजन पाहून आपले वजन वाढवणारा हा प्राणी सकाळी त्याच प्रतिस्पर्ध्याशेजारी ऊन खात उभा असतो. त्याच वर्षी गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १,००० सस्तन प्राणिजातींतील मृत्यूंची कारणे एकत्र केली, तेव्हा स्वजातीयांच्या हातून मरण्याचे सर्वाधिक प्रमाण मीरकॅटमध्ये आढळले : शंभर मृत्यूंमागे सुमारे १९. हक्स्लींच्या आणि क्रोपॉटकिनांच्या दोन्ही चित्रांना एकच प्राणी साक्षीला उभा राहतो, तो असा.

मग या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात कशा? डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली आप्तनिवडीचा सिद्धान्त गणिताने मांडला : साहाय्य करणाऱ्याची झीज ही साहाय्य घेणाऱ्याच्या लाभाला नात्याच्या प्रमाणाने गुणून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असेल, तर असे वर्तन पिढीजात टिकून राहू शकते. या विचाराचे बीज जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या लिखाणात आधीच होते, आणि ते १९५७ साली भारतात येऊन येथलेच झाले, हा आपल्याला अभिमानाचा योग आहे. मीरकॅटच्या टोळीत बहुतेक जण नातलग असल्यामुळे हा सिद्धान्त तेथे लागू पडतो, यात शंका नाही. पण तपशिलात शिरले की अडचण येते. पिल्लांशी ज्याचे नाते अधिक जवळचे तो अधिक राखण करतो, असे नोंदींतून निघाले नाही. ज्याचे पोट अधिक भरलेले तो अधिक साहाय्य करतो, असे निघाले. शिवाय माद्या नरांपेक्षा अधिक राबतात, आणि मादी-पिल्लांना अधिक भरवतात. याचे कारण असे की, नर मोठा झाला की आपण होऊन टोळी सोडतो, तर मादीला त्याच टोळीत आयुष्य काढण्याची, आणि नशीब साथ देईल तर तिथलीच प्रमुख होण्याची आशा असते. आज जिला भरवले ती उद्या तिच्यासाठी पहारा करील, तिची पिल्ले राखील, शेजारच्या टोळीशी लढताना तिच्या बाजूला उभी राहील. टोळी मोठी असणे हाच लाभ आहे, आणि त्या लाभासाठी आजची झीज सोसण्याजोगी ठरते.

हे गूढ एकट्या मीरकॅटचे नाही. आपल्या शेतबांधावरचा मुंगूस एकांडा असतो. पण आपल्याच आवारातले सातभाई थव्याने राहतात आणि एकाच्या पिल्लांना अनेक जण भरवतात. मीरकॅटच्या शेजारी त्याच कुरुमान नदीकाठी सातभाईंच्या कुळातले पांढऱ्या-काळ्या रंगाचे पक्षी राहतात, त्यांचीही तशीच रीत आहे. ताडोबाच्या जंगलातील कोळसून, म्हणजे रानकुत्रे, टोळीने शिकार करतात आणि पिल्लांसाठी मांस पोटातून आणून ओकून देतात. आणि दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या एका गांधीलमाशीच्या पोळ्यात तर राणी अगदी निरुपद्रवी, मवाळ असते, मारहाण न करता आपले राणीपद टिकवते, हे बेंगळुरूच्या राघवेंद्र गदगकरांनी अनेक दशकांच्या निरीक्षणातून दाखवले आहे. म्हणजे एका मादीने प्रजोत्पादन करावे आणि बाकीच्यांनी राबावे, या एकाच व्यवस्थेला निसर्गात जबरदस्तीचीही वाट आहे आणि मवाळपणाचीही.

या सगळ्यातून मी जो निष्कर्ष काढतो, तो स्पष्ट शब्दांत सांगतो. सहकार हा गुण म्हणून पाहिला, तर मीरकॅट कधी साधू दिसतो आणि कधी राक्षस; तो व्यवस्था म्हणून पाहिला, तरच समजतो. व्यवस्थेत झीज असते, लाभ असतो, आणि झीज सोसणारा व लाभ घेणारा नेहमी एकच नसतो. म्हणून 'येथे सहकार आहे' एवढे म्हणून कोणत्याही समूहाची वाखाणणी करणे अपुरे आहे. भार कोणावर पडतो, फळ कोणाला मिळते, आणि नाकारणाऱ्याची वाट काय लागते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. सहकारी संस्थांच्या बळावर उभ्या राहिलेल्या या आपल्या प्रदेशात ते प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला असली पाहिजे. मीरकॅटपासून नीती शिकावी असे मी म्हणत नाही; त्याला आपली व्यवस्था तपासता येत नाही आणि बदलताही येत नाही, आपल्याला दोन्ही येते, आणि म्हणून जबाबदारीही आपल्याकडे येते. त्याच्याकडून शिकायचे असेल तर हिशेब मांडण्याची रीत शिकावी.

त्या रीतीला काळ लागतो. कालाहारीत एका दशकात अभ्यास थांबला असता, तर पहारेकऱ्याविषयी कळले असते, पण वारसाहक्काने प्रमुख झालेल्या मादीची कहाणी अपुरी राहिली असती. आणि पाऊस, उष्णता व क्षयरोग यांनी टोळ्या कशा खचतात, हे तर कळलेच नसते. मीरकॅटच्या क्षयरोगाचा जंतू २०१३ साली स्वतंत्र म्हणून ओळखला गेला, आणि उन्हाळे तापत चालले तसा त्याचा धोका वाढतो, असे या दीर्घ नोंदींवरूनच आता दिसू लागले आहे. पन्नास जणांची टोळी उभी राहायला अनेक पावसाळे लागतात. ती नाहीशी व्हायला थोडे महिने पुरतात.

अशा निरीक्षणाची परंपरा आपल्याला परकी नाही. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीपुढे शिडी लावून, रोज बसून, एक नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार कसा मांडतो ते उलगडले. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही, फक्त सातत्य लागले. आपल्या गावातील प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात सातभाईंचा एक तरी थवा असतो. त्यांतील पक्ष्यांच्या पायांत वनखात्याच्या रीतसर परवानगीने रंगीत कडी घालून, कोण कोणाला भरवतो, कोण उंच फांदीवर बसतो, कोण थवा सोडून जातो, याची नोंदवही ठेवणे कोणाही शिक्षकाला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना शक्य आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे खरे स्मारक अशी एक नोंदवही होईल. ती या वर्षीच सुरू करावी, एका तुकडीने दुसरीच्या हाती न चुकता द्यावी, आणि निदान वीस वर्षे तिच्यात खंड पडू देऊ नये, अशी माझी व्याख्यानमालेच्या चालकांना आणि या सभेतील सर्व शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.